चार बोटं रबरी नळी

सगळ्या बँडने सूर माझ्या भावाकडून घ्यायचा, मग भावाने तो कुणाकडून घ्यायचा? सांगा ना! बँडच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "लोपेती, झांजा पूस." पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले, "प्रार्थना कर." खुद्द मनासेदादाला विचारलं, तर तो हसला आणि भोंऽऽऽ करून बाजा फुंकला... आता हे काय उत्तर झालं?

तुम्हाला सांगतो, आमच्या वावाऊ बेटावर चर्चचा बँड म्हणजे अठरा पितळी बाजे, आणि अठरांत सूर देणारा एकटा दादा. मांडीवर बाळ घ्यावं तसा तो मोठा बाजा घ्यायचा, एकच लांब सूर द्यायचा, की बाकीचे सतरा आपापल्या नळ्या मागेपुढे करत त्या सुराला येऊन मिळायचे. बाज्याला आईने केतकीच्या पातीची विणलेली मूठ होती, घामाने हात सटकू नये म्हणून. त्या मुठीनेच माझा घात केला... नाही, घात मीच केला, मूठ बिचारी काय करणार!

रविवार होता. रविवारी आमच्याकडे मासे धरायचे नाहीत, पोहायचं नाही, धावायचंसुद्धा नाही. आणि मी काय केलं? दादा जेवून घोरतोय बघून बाजा उचलला आणि थेट खडकांवर! का? शेजारच्या सेलूला ऐकवायला! सेलू आलीच नाही, लाट मात्र आली. मी आपटलो, बाजा आपटला, मुठीखालची नळी काटकन मोडली. सांगू कुणाला? सांगायचं तर रविवारही सांगावा लागला असता! होडीच्या इंजिनाची रबरी नळी कापली, चार बोटं, मोडक्या टोकांमध्ये बसवली आणि वर आईची मूठ ओढली. दिसतंय का काही? काही नाही!

पण नळी लांबली की सूर उतरतो हो... हे मला काय ठाऊक? मी शाळेत किती दिवस गेलो, ते मास्तरांना विचारा!

मंगळवारी दादाने सूर दिला आणि मान वाकडी केली. पुन्हा दिला. कान खाजवला. मास्तर खेकसले, "अरे, बघताय काय? मनासेचा सूर आहे, मिळवा!" सतराजणांनी नळ्या बाहेर ओढल्या. इतक्या ओढल्या की चर्चच्या वर्धापनदिनाच्या मिरवणुकीत फिलिमोनेची नळी गळून रस्त्यावर पडली, एका डुकराने ती तोंडात धरली, आणि फिलिमोने डुकरामागे आणि बँड फिलिमोनेमागे! सगळे हसले. दादा हसला नाही. घरी येऊन मला म्हणाला, "लोपेती, माझा कान गेला रे."

मी काय म्हणालो? म्हणालो, "तारोचा कंद खा, थंड होतोय."

मग दादाला ताप आला. दवाखान्यात अंगात त्राण नाही, आणि बोलतोय काय? "मास्तरांना सांग, दुसऱ्याकडून सूर घ्या. माझा कान गेला." तोंडाशी आलं होतं हो माझ्या! दादा, कान शाबूत आहे तुझा, नळी मोडलीय, मी मोडलीय... म्हणालो, "सांगतो." आणि पहाटे तो गेला. कान गेला असंच समजून गेला!

मातीच्या दिवशी सकाळीच मी ती रबरी नळी उपटली, मोडकी टोकं एकमेकांत ठोकली, फडकं बांधलं. म्हटलं, निदान आज तरी दादाचा खरा सूर लागू दे. कंबरेला आमच्या रीतीप्रमाणे शोकाची चटई गुंडाळलेली, सगळं गाव गोळा, आणि मास्तर म्हणाले, "लोपेती, सूर तू दे." दिला. काय सुरेख लागला! आणि नळ्या अजून बाहेरच ओढलेल्या सतराजणांनी तोंडं वाकडी केली.

"गाढवा," मास्तर ओरडले, "भावाच्या खड्ड्यापाशी बेसूर वाजवतोस? हा मनासेचा सूर आहे का?"

"मास्तर, हाच आहे! दादाचा कान ठीक होता, मी रविवारी बाजा—"

"रड नंतर. आधी सूर दे."

फिलिमोने म्हणाला, "खाली घे रे, आम्हाला पाठ आहे त्याचा सूर."

पाठ आहे म्हणे! आता कुणाला काय सांगू? खिशातून ती चार बोटं नळी काढली, बसवली, आईची मूठ वर ओढली आणि दम संपेपर्यंत बाजा फुंकला. सतराही मिळाले, एकही चुकला नाही. मास्तरांनी डोळे पुसले नि म्हणाले, "हां... आता कसा मनासे वाटला!"