माणशी साडेतीन जिलेब्या

...नाही, पण मी म्हणतो, हसण्यासारखं काय आहे त्यात? एकुलती एक पोरगी आमची प्राजक्ता, तिचं लग्न, अन् पंगतीत मावा जिलेबी संपली! कुठे संपली? तर थेट विहीणबाईंच्या पानापाशी येऊन! अन् अंदाज कोणी बांधला होता? मी! तीस वर्षं केमिस्ट्री शिकवणाऱ्या माणसानं!

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं फळ्यावर एकच गोष्ट घासली... पोरांनो, क्लोरीनचे अणू दोन जातीचे, एक पस्तीस वजनाचा, एक सदतीसचा. मधला छत्तीस धरू नका रे! चारांत तीन पस्तीसवाले, एकच सदतीसवाला, म्हणून ज्याची गर्दी जास्त त्याच्याकडे अणुभार सरकतो. साडेपस्तीसचा अणू जगात एक नाही, पण उत्तर साडेपस्तीसच! छत्तीस लिहिणाऱ्याचे दोन मार्क कापले, दयामाया नाही.

अन् लग्नात? जिलेबीवाला रितेश, माझाच जुना विद्यार्थी, विचारतो, "सर, माणशी किती पकडू?" मी ऐटीत, "शहरवाले दोन खातात, गाववाले चार, धर तीन! चारशे माणसं, बाराशे जिलेब्या!" तो डोकं खाजवत, "पर सर, शहरचे कितने, गावचे कितने?" म्हटलं, तू जिलेबी तळ! बायको मागून ओरडते, "अहो, माझं माहेर डोईफोडिया, पूर्ण गाव येईन!" म्हटलं, तू मेंदी लाव!

आलं ना गाव! चारशेत तीनशे गाववाले, दिवसभर केळीच्या बागेत राबणारी माणसं, चार-चार हाणल्या त्यांनी! माणशी लागत होत्या साडेतीन! साडेतीन खाणारा माणूस जगात एक नाही, पण उत्तर साडेतीनच! दोनशे जिलेब्या कमी... अन् विहीणबाई, मालतीबाई, रिकाम्या पानाकडे बघत म्हणतात, "राहू द्या सर, मला गोड सोसत नाही." सोसत नाही? साखरपुड्याला चार खाल्ल्या होत्या बाईंनी, शहरवाल्या असून! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्यात रितेश कढईमागून, एकदम नम्र आवाजात, "सर, अकरावीत याच्याच वास्ते माझे दोन मार्क काटले होते ना?"

त्यानं मावा खरवडून कशीबशी एक तळली, ती मी धावत विहीणबाईंच्या पानात वाढली. त्यांनी ती मोडली, अन् अर्धी माझ्या हातावर ठेवली, "घ्या सर, तुम्हीही उपाशीच असाल..."

तीस वर्षं सांगत आलो, अर्ध्याचा अणू जगात नसतो म्हणून, अन् अर्धी खाणारा माणूस निघालो मीच. खाल्ली गपचूप.