कुटुंबाची खोली

—अगं तिथं नको टेकू, ती फरशी नवी हाय, डाग पडला की माझ्या नावानं शंख. इकडं ये, या पायरीवर बस. आणि त्याला बाहेरच राहू दे जरा, निंबाखाली सावली हाय, पाय लांब करून बसला म्हणजे बरं वाटेल. पडला कुठून म्हणलीस? सातपूरला, कारखान्याच्या पत्र्यावरून—हां. आणि ठेकेदार काय म्हणला? काय म्हणणार, मी याला वळखत नाय म्हणला असेल. सगळे तेच म्हणतात. पाणी पी. पी गं, लाजू नको. मॅडम बाहेर गेल्यात, त्या यायच्या आत मला तुझ्या कानात चार गोष्टी घालायच्यात. कारण त्या आल्या की विचारणार, आणि तू जे एकदा बोलशील ते बोलशील, मग माघार नाय. म्हणून आत्ता मला खरं सांग. लगीन झालंय का तुमचं?

—बघ. घातलीस मान खाली. वळखलंच मी. पेठकडची ना तू? तुमच्याकडं असतंच तसं, मला ठाऊक हाय. मी घोटीची, आमच्याकडं भात लावायला तुमच्या बाजूची माणसं यायची—आधी संसार, मग लेकरं, आणि लगीन जमेल तवा. लेकाच्या मांडवात आईबापानं पण अक्षता पाडून घ्यायच्या. त्यात वाईट काय? काय बी नाय. पण ते मॅडमला सांगायचं नाय. कळलं का, नवसाबाई? त्या म्हणतील, नवराबायको का? तू म्हणायचं, हो. लग्न झालं? झालं. फोटो? घरात पाणी शिरलं, फोटो गेला. एवढं बोलायचं आणि तोंडाला कुलूप. का म्हणून काय विचारतीस, सांगते ना. हळू बोलते जरा, ती आतच, बायांच्या हॉलात निजलीय. कोण? कुसाबाई. तिचंच तर सांगते.

ही इमारत तू आज बघतेस—रंग काय, फरशी काय, दारावर पितळी पाटी, बेघरांचा निवारा म्हणून. आधी काय होतं इथं? पडकी शाळा. बायांची खोली मागच्या अंगाला, तिचं छत असं गळायचं की आत छत्री उघडून बसावं. मग सगळे एकाच हॉलात. मधी दोरी, दोरीवर जुन्या साड्या, अलीकडं बाया, पलीकडं गडी. उंदीर होते, संडासाला दार नव्हतं, सांगायची सोय नाय—पण कुसाबाई आणि पुंजा सुखात होते. दोघं दोरीला लागून निजायचे, ती अलीकडं, तो पलीकडं, मधी साडी, आणि साडीच्या खालून तिचा हात त्याच्या छातीवर. आम्ही चिडवायचो, कुसाबाई, या वयात गं बाई! तर म्हणायची, मेल्यांनो, हात काढला की तो घाबरतो. आणि खरंच घाबरायचा, मी पाहिलंय.

पुंजाच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू सगळी गेली, वाचा गेली—नुसतं बा, बा, बा. तहान लागली तरी बा, कुशीवर करा तरी बा, पाठ खाजती तरी बा. आपल्याला सगळं एकच. तिला बरोबर कळायचं! भांडायची पण त्याच्याशी—तो बा म्हणला की ही म्हणणार, हां हां, तुझ्या आईनं कधी केली होती का रे अशी आमटी? आणि तो हसायचा, अर्ध्या तोंडानं. मखमलाबादकडं झेंडूच्या मळ्यावर राखणीला होती दोघं, विहिरीपाशी झाप टाकून राहायची. मळ्याचे प्लॉट पडले, झाप गेलं, मूलबाळ नाय. मग फूलबाजाराचा ओटा, मग इथं. ती नसती तर याला भूक लागलीय हे जगात कुणालाच कळलं नसतं.

मग आला निधी. सरकारचा—कुणी म्हणे सिंहस्थ आलाय म्हणून, कुणी म्हणे दिल्लीहून. कुठला का असेना, आला. आम्ही पेढे खाल्ले! खरंच गं, कुणीतरी वाटले. मला वाटलं, चला, देवानं डोळे उघडले. इंजिनेर आला, त्यानं भिंतीवर नकाशा लावला—बायांचा हॉल वेगळा, गड्यांचा वेगळा, मधी पक्की भिंत, कॅमेरे, आणि कोपऱ्यात एक खोली कुटुंबासाठी. दोन खाटा, खिडकी, संडास आतल्या आत. मी कुसाबाईला हाताला धरून नेलं, बोट ठेवून दाखवलं—ही तुमची. तेव्हापासनं ती बाई रोज त्या मिस्त्रीच्या मागं. उंबरा नको घालू रे बाबा, आमच्या माणसाचा पाय उचलत नाय. मिस्त्री हसला, पण ऐकलं त्यानं. जाऊन बघ पायजे तर, सगळ्या इमारतीत त्या एका खोलीला उंबरा नाय.

आणि काम झालं, फित कापली, आणि हर्षाली मॅडम आल्या. पोर वाईट नाय, खोटं कशाला बोलू, डब्यातली भाजी मला दिल्याबिगर घास घेत नाय. पण तिला वरून सांगितलेलं—कुटुंबाची खोली लग्नाच्या नवराबायकोलाच, उगा कुणी कुणाला घेऊन येईल. बोलावलं दोघांना. मी दाराशी. मॅडमनं विचारलं, आजी, लग्न झालंय ना? आता हो म्हणायला काय जात होतं? जिभेला हाड नसतं म्हणतात, पण कुसाबाईच्या होतं. म्हणली, लग्न नाय बाई, पाट हाय आमचा.

तू हसलीस. तुला कळलं. त्या पोरीला काय कळणार? कुसाबाईचा पहिला नवरा साप चावून गेला, तवा ही कोवळी पोर. मग पुंजानं केली. आता बाईच्या जातीला लगीन एकदाच—दुसरा तो पाट, ना हळद, ना वाजंत्री, अंधारात आणायची आणि कुणा सवाष्णीच्या नजरेला पडायच्या आत घरात घ्यायची. कुठला फोटो न् कुठली पत्रिका! आणि पुंजा होता बिनलग्नाचा, म्हणून त्याचं आधी रुईच्या झाडाशी लावलं, तशी रीतच हाय जुनी, इडापिडा झाडावर जाते म्हणतात. तर ही बया मॅडमला समजावते—माझं लगीन त्या पहिल्याशी, याचं लगीन रुईशी. आमचं दोघांचं कुठं झालंय बाई? मॅडम बिचारी विचारती, मग ती रुई आता कुठं राहते? मला हसावं का रडावं कळेना. मी मागून खुणा करते, अगं हो म्हण, हो म्हण! ती माझ्याकडं बघायलाच तयार नाय.

बाहेर आल्यावर मी लय बोलले तिला. म्हणलं, सटवे, एका शब्दानं खोली गेली. तर म्हणती कशी—मंगला, ज्याला लग्नाचा नवरा म्हणलं तो मेला. याला तसं म्हणू आणि यालाही घालवू? मी मॅडमकडं गेले, मुळापासनं समजावलं, पाट म्हणजे काय, रीत काय. त्या म्हणल्या, मावशी, मला पटतंय, पण त्या स्वतःच नाही म्हणाल्या, मी कसं लिहू? बरोबर हाय तिचं पण. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार.

मग काय, तो भिंतीपलीकडं, ही अलीकडं. दिवसा इथल्या ओट्यावर बसायची दोघं, तिच्या हातानं जेवायचा. दिवेलागण झाली की आपापल्या हॉलात, जाळी बंद, बाई तिकडं गेली की कॅमेऱ्यात दिसतं. पण भिंत तवा वरपर्यंत नव्हती, हातभर फट होती छताखाली. त्या फटीतनं त्याचं बा, बा यायचं आणि ही इकडनं ओरडायची—गोरक्ष, त्याला पाणी दे रे! गोरक्ष, कुशीवर कर त्याला, डाव्या, डाव्या! गोरक्ष म्हणजे त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, भला माणूस, उठायचा बिचारा. बाया कावायच्या, झोप मोडते. मी म्हणायचे, मोडू दे गं. मग आला निधीचा दुसरा हप्ता. त्यातनं हे वरचं पांढरं नक्षीचं छत केलं. बघ मान वर करून, फुलं काढलीत. छान दिसतं ना? सगळे म्हणतात छान दिसतं. फट बुजली. आवाज आला तर नुसता घुमल्यासारखा, आणि हिचा तिकडं जाईनाच. पहिल्या दिवशी भिंतीवर हात मारत बसली. मग मॅडमनं समजावलं, मग बसली गप. पुंजानं दिवसाचं पण जेवण तोडलं. पोटात दुखत होतं का, ताप होता का—तो बा म्हणत राहिला, गोरक्षनं चार वेळा पाणी दिलं, त्याला दुसरं काय कळणार? सकाळी ही वाटी घेऊन ओट्यावर बसली आणि त्याला आणलंच नाय बाहेर.

दवाखान्यात मी गेले हिच्याबरोबर. मला धाकधूक, आता मढं पण देत नाय हिला, बेवारस म्हणून नेतील. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कोण लागता? आणि कुसाबाई, जी मॅडमपुढं तो मरेस्तोवर हो म्हणली नाय, ती एवढ्या मोठ्यानं म्हणली—लग्नाची बायको! सगळी रांग वळून बघाय लागली. त्या माणसानं मान पण वर केली नाय. म्हणला, इथं अंगठा द्या. झालं. ना फोटो, ना पत्रिका, ना कुणी विचारलं कुठली रुई. दिला ना लगेच तिच्या ताब्यात. मी तिथंच भिंतीला टेकून रडले, ती नाय रडली.

म्हणून सांगते, नवसाबाई, रीतभात पोटात ठेव आणि हो म्हण. जिता हाय तोवर म्हण. तुझा तर बोलतो, चालेल पण उद्या—काय? नाय, त्या कुटुंबाच्या खोलीत कुसाबाई नाय, सांगितलं ना, ती बायांच्या हॉलात. मग कोण राहतं म्हणजे? कुणी... कुणी नाय राहत आत्ता. आधी? आधी पण नाय. अगं खोली तयार हाय, चांगली हाय, दोन खाटा होत्या तिथं आता सोफा हाय, पडदे लावलेत, तपासणीला साहेब लोक येतात, त्यांना कुठं बसवायचं? फोटो काढतात तिथं. माणसं ठेवली की घाण होती, मग निधी अडतो म्हणतात. मागं एक जोडपं आलं होतं नांदगावचं, लग्नाचा फोटो होता, पत्रिका होती, सगळं होतं. त्यांना मॅडम म्हणल्या, पुढच्या आठवड्यात या.

तर मग मी तुला कशापायी पढवते? मला काय म्हायती! आलेल्या सगळ्यांना पढवते. वाटतं, एखाद्या दिवशी मॅडमच्या तोंडून निघून जाईल, घ्या म्हणून. काय चुकलं माझं? तुम्ही आलात, तो तसा लंगडत, तू त्याला धरून—मी काय म्हणायला पायजे होतं, जा?

कमरेला काय बघतीस? हां, तीच किल्ली. झाडावं लागतं रोज, पडदे झटकावे लागतात, म्हणून माझ्याजवळ असते. नाय. नाय गं बाई, भलतंच काय बोलतीस. एक रात्र म्हणजे काय, एक रात्र म्हणून तर सगळे येतात. आणि मी कोण इथली? तुला वाटलं पगारी हाय? मी पण खाटेवरचीच. भाकरी थापते, फरशी पुसते, म्हणून मला कुणी लय दिवस झाले, आता जा म्हणत नाय, दुसऱ्या बायांना म्हणतात. घोटीला घर हाय की, लेकाचं. लेकाचं हाय, माझं नाय. ते जाऊ दे. अशी बघू नको माझ्याकडं. पाया पडू नको, ऊठ, ऊठ आधी. मॅडमपुढं हे किल्लीचं काढशील आणि माझी खाट जाईल, कळतंय का तुला? मी कुठं जाऊ या वयात?

मॅडमची गाडी आली बघ. ऊठ. पदर सावर. त्याला उठव आणि इकडं वळून बघू नको, गेटातनं सरळ—

कोण नाय, मॅडम. रस्ता चुकली होती, सांगितला मी. चालली ती.