आधी पडदे

दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता आणि तो मान वाकडी करून त्यात बघत होता.

"ताई, घराचं काम वर्षभर चालणार ना? मग खर्च बारा महिन्यांत सारखा वाट की. तू एक्सेलमध्ये सगळा पहिल्या दोन महिन्यांतच कोंबलायस."

"सगळा नाही रे. बाबांच्या खोलीचा तेवढा."

"आणि हे पडदे? ते तर शेवटच्या महिन्यात होते."

"तेही अलीकडे सरकवले."

"बाकीच्या घराला गिलावासुद्धा नसेल आणि आपण पडदे लावायचे? माझं तर डोकंच चालेना."

"मघाशी डॉक्टरांनी बोलावलं, तेव्हा तू आत आला नाहीस."

"गाडी लावत होतो."

"हं."

"ताई..."

"बोल."

"तरी एकदा सारखा वाटून बघ ना."