वरचा बर्फ जागेवरच

मिरोन: आधी बूट झटक. तुझी आई गेली म्हणून घराची धर्मशाळा नाही झालेली.

स्तेफा: मी आत येत नाहीये, तातो. दारातूनच विचारते. तळघरातली भट्टी बंद केलीत?

मिरोन: केली. मी काय दूधखुळा आहे? छपरावरचा बर्फ सुटला, धाडकन भट्टीच्या बाहेरच्या धुराच्या पाईपवर आदळला, तसा मी खाली जाऊन बटण बंद केलं. फोनवर सगळं सांगितलं की.

स्तेफा: गॅसचा कॉक?

मिरोन: तोही.

स्तेफा: मग खिडकी उघडा, दहा मिनिटं. फुटक्या पाईपचा धूर घरात शिरला असेल तर कळायचं नाही. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

मिरोन: बाहेर उणे पंधरा आहे, भट्टी बंद म्हणून घर आधीच गारठलंय. पाईपवालीचा तोरा बघा.

स्तेफा: खिडकी, तातो.

मिरोन: उघडली बाई. हा आलो बाहेर, पाईपापाशी. आता हातातली ती करवत ठेव आणि नीट बघ. भिंतीतून बाहेर आलाय तिथूनच गेलाय. याला दुरुस्ती नाही.

स्तेफा: आहे. भिंतीबाहेर वीतभर चांगला पाईप उरलाय. सरळ कापायचा, नवा तुकडा जोडायचा.

मिरोन: या थंडीत प्लास्टिकच्या पाईपला सोल्युशन धरत नाही. मला शिकवू नकोस.

स्तेफा: थंडीसाठी वेगळं येतं. डबा सकाळपासून कोटाच्या आत आहे, पोटाशी.

मिरोन: बायकांच्या जातीने भट्ट्या जोडायच्या म्हणजे असंच, पोटाशी डबे धरून. तुझा भाऊ ओस्ताप असता तर एका नजरेत म्हणाला असता, नाही होणार.

स्तेफा: ओस्तापला फोन केलात ना आधी?

मिरोन: उचलत नाही. कामात असतो.

स्तेफा: तुमचा नंबर दिसला की उचलत नाही. त्यानेच सांगितलं मला.

मिरोन: जीभ आईवर नाही गेली तुझी.

स्तेफा: नाही. तुमच्यावर गेली. बाजूला व्हा, भुसा डोळ्यात जाईल.

(करवतीचा आवाज. मग कानशीचा.)

मिरोन: तुमच्यात ती लाल चिठ्ठी असते ना? धोका दिसला की भट्टीला लावायची आणि म्हाताऱ्याला घराबाहेर काढायचं. लाव की. नियम म्हणजे नियम. मी काही भांडणार नाही.

स्तेफा: तुम्ही, आणि भांडणार नाही.

मिरोन: नाही म्हणतो ना.

स्तेफा: वर बघा जरा.

मिरोन: काय आहे वर?

स्तेफा: छप्पर. कडेपर्यंत बर्फ तसाच आहे, बोटभरसुद्धा सुटलेला नाही. आणि बर्फ वरून पडतो. हा पाईप खालून फुटलाय. ही बघा गोल खूण, हातोड्याच्या तोंडाएवढी.

मिरोन: तुला काय कळतंय?

स्तेफा: तीस वर्षं हेच बघते मी. गॅस आधी बंद केलात, मग हातोडा मारलात. तेवढी अक्कल शाबूत आहे, बरं वाटलं. आणि दाराआड बॅग भरून ठेवलीत, तीही दिसली.

मिरोन: आईची आहे ती.

स्तेफा: बॅग कोणाची ते नाही विचारलं.

मिरोन: मग ऐक. माझ्याने नाही राहवत एकट्याने. तुझ्या आईची चाळीस दिवसांची प्रार्थना झाली, माणसं जेवून गेली, त्यानंतर या उंबऱ्यात कोणी आलं नाही. घास उतरत नाही मला. तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे.

स्तेफा: आहे. तो लहान डबा द्या इकडे. आधी जांभळा प्रायमर लावायचा, मग सोल्युशन.

मिरोन: मी काय म्हणालो ते ऐकलंस?

स्तेफा: ऐकलं. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही माझी बॅग याच पायरीवर ठेवली होती. काय केलं होतं मी? पाईपचं काम शिकायला नाव घातलं.

मिरोन: गावात तोंड दाखवायला जागा नव्हती मला.

स्तेफा: मला रात्री झोपायला नव्हती. आईने मागच्या दाराने हातमोजे दिले, तर तुम्ही महिनाभर तिच्याशी बोलला नाहीत. आता बोलू नका, तीस आकडे मोजेपर्यंत सांधा दाबून धरायचाय.

(ती सांधा दाबून धरते, ओठांत तीस मोजते.)

स्तेफा: झालं. उतार घराकडे ठेवलाय, म्हणजे धुराच्या वाफेचं पाणी आत वाहून जाईल, तोंडाशी गोठणार नाही. उद्या दुपारपर्यंत भट्टी लावायची नाही. सांधा वाळायला हवा.

मिरोन: मग आजची रात्र? एक रात्र, स्तेफा. खुर्चीत बसून काढीन.

स्तेफा: विजेचे दोन हीटर आणलेत. एक तुमच्या खोलीत लावा, एक तळघरात, नळ गोठायला नकोत. विषारी वायूच्या अलार्मसाठी नवा सेल आणलाय, तोही घाला. उद्या माझा माणूस येईल, सांधा तपासून भट्टी चालू करून देईल.

मिरोन: तू नाही येणार.

स्तेफा: त्याला जमतं सगळं.

मिरोन: पिरोगी केलेत. बटाट्याचं सारण भरून, आई करायची तसे. दोघांपुरते आहेत.

स्तेफा: झाकून ठेवा. उद्या परतून घ्या.

मिरोन: आता ते काय ठोकतेस?

स्तेफा: लोखंडी पत्रा, पाईपवर. खालून जाळी. आता हातोडा लागायचा नाही.

मिरोन: आणि बर्फ? समज, बर्फ खरंच पडला. मग तरी येशील?

स्तेफा: खरंच पडला तर पत्रा सांभाळेल, तातो. आत जा, आणि खिडकी लावून घ्या.