रुक्मीचा ढावलो

हॅलो? … हॅलो? … मास्तर, ह्यात कुणीच बोलंना की. … उलटा धरला? बरं. आता? … हॅलो!

व्हय, मी. याडी. … अरे तुझी आई, मोतीबाई! दुसरी कोण फोन लावती तुला? … औंढ्याहून, टपाल हापिसातून. मास्तरनं लावून दिला. … हळू बोलू? मुंबई का जवळ हाय, हळू बोलायला?

न्हाई, न्हाई, सगळे बरे हायेत. बाप बरा हाय. गाय बी बरी. … कुणी मेलं न्हाई रे, ऐक ना आधी! जेवलास का? … नुसत्या चहावर? अन् आज संध्याकाळी तुझा सिनेमा हाय म्हणं, त्या जत्रेत. … महोत्सव, व्हय, तेच. तू शाळेत होतास तवापासून दरसाली भरतो, नव्या पोरायचे पहिले सिनेमे दाखवतात, मंग जत्राच की. … ठाव हाय मला. मागं वापस लावलं तुला, ह्या साली घेतलं. सगळं ठाव हाय.

म्हणून तर पळत आले, लेकरा. ऐक. तुझ्या सिनेमात आपल्या रुक्मीनं गायलेला ढावलो हाय ना … तो काढून टाक.

… का म्हणजी? … काढून टाक म्हणले.

अरे, उत्तमसिंग आलाय. तिचा होणारा सासरा. … व्हय, मोहनसिंगाचा बाप, साखऱ्याकडच्या तांड्यावरून, माणसं घेऊन. आपल्या तांड्याच्या नाईकाच्या लिंबाखाली बसलेत. त्यायला कुणीतरी सांगितलं, सोयरीक झालेल्या पोरीनं लग्नाआधीच ढावलो गायला, मशीनपुढं, परक्या माणसायपुढं. … म्हणतो, ढावलो गायली म्हणजी पोरगी घरातून निघाली. मंग कुणाच्या घरी निघाली होती, ते सांगा. … व्हय, असंच. तोंड वर करून म्हणला.

… सांगितलं की मी! भावाचा सिनेमा हाय म्हणले. तवा तांड्यावर कुणाचं लगीन नव्हतं, मशीन मागून आणलेलं, परत द्यायचं होतं. बाकीच्या पोरी न्हाई म्हणल्या, बिनलग्नाचा ढावलो तोंडात घ्यायचा न्हाई म्हणून. हीच एक खुळी, भाऊ म्हणला की नवरी होऊन उभी. … तुला बी कळाया पाहिजे होतं रे! तांड्यात वाढलास, का विलायतेत?

… बरं, बरं. न्हाई रागवत. … तो म्हणतो, गाणं काढलं असं पोराच्या तोंडून कळू द्या, मंग लगीन. न्हाई तर उठले ते.

… काय मास्तर? … ढावलो म्हणजी, पोरगी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून गाते ते. गाते, रडते, दोन्ही एकदमच. तुमच्यात न्हाई? … बोलू द्या ओ, थोडंच राहिलं.

हां, खेमा. काय म्हणलास? … काढतो? … आत्ताच?

… अरे, भांड तरी माझ्याशी! असं नुसतं "बरं याडी" काहून म्हणून राहिला?

कशानं काढतात ते? … कात्रीनं? काचळीचं कापड कापल्यावानी? … अन् परत जोडता येतं का? … चिकटतं, पण तिथं सिनेमा दचकतो. व्हय. … मंग तेवढं काढल्यावर राहतं काय? … दार. … दारात मी. अन् रुक्मी मुकीच गाडीत बसती. … गळ्यात पडत न्हाई? तशीच चढती?



… लई रडले का मी त्यात? … व्हय, तू कुठं सांगितलं होतं. याडी, तू नुसती उभी राहा, म्हणला होतास. … मशीन थांबलं तरी मी थांबले न्हाई. … तुला वाटलं रुक्मीसाठी.

न्हाई रे. … आता कसं सांगू, मास्तर बसलेत इथं. … ऐक. माझं लगीन रझाकाराच्या साली झालं. जवारीच्या उभ्या पिकातून नेलं मला. आवाज ऐकून कुणी येईल, म्हणून माझ्याच याडीनं माझ्या तोंडावर हात धरला. तिच्या हाताला हळदीचा वास होता. गळ्यात पडू दिलं न्हाई, गाऊ दिलं न्हाई. पोरगी गेली, गाणं गळ्यात राहिलं. … रुक्मी माझ्या गळ्यात पडून गायली ना त्या दिशी, तवा वाटलं, याडीनं आत्ता कुठं हात काढला.

… तू रडून राहिला का? … मंग नाक काहून ओढतो?

थांब. रुक्मी इथंच हाय, खांबाला धरून उभी. … काय गं? … मोठ्यानं बोल, पुटपुटू नको.

खेमा, ती म्हणती, एकदा भावासाठी गायले, एकदा माझ्यासाठी गाईन. दोनदा गायलं म्हणून पोरगी दोनदा जात न्हाई. … अगं, अन् तो मोहनसिंग उठून गेला तर? … ऐक हिचं! म्हणती, गाण्याला भिणारा माणूस मला काय सांभाळंल. … हसून राहिली रे, पण खांब काही सोडंना.

सोयरीक मोडली तर नाईक आपल्या घरचं पाणी पिणार न्हाई, हिला पुन्हा कोण मागणी घालंल … तरी खेमा … काय घर्र घर्र करून राहिलं ह्यात? … खेमा, कापू नको! राहू दे तसंच! उत्तमसिंगला मी सांगते, लिंबाखाली सगळ्यायपुढं सांगते! … कात्री ठेव खाली, लेकरा! … आइकलंस का? … हॅलो? … हॅलो?

मास्तर, ह्यातून आवाजच येईना. … कटला? … मंग परत लावा. … पुढची लाईनच गेली? अन् कधी येती? … उद्या? अहो, आज संध्याकाळी दाखवणार हायेत ते!

… न्हाई, मी ठेवत न्हाई हा खाली. … मास्तर, तुमी रोज आइकता ह्या तारा. सांगा ना, त्याच्यापर्यंत माझं कोणतं बोलणं गेलं असंल … आधीचं, का आत्ताचं?