सखारामदादांची भिंत

बंधूंनो, माय-बहिणींनो,

मी सभांचा माणूस. शब्दांनी मला कधी दगा दिला नाही. आज मात्र जीभ जड झाली आहे. एकेक माणूस जातो आणि तुम्ही मलाच बोलायला उभे करता. थकलो आहे.

आपले सखारामदादा गेले. जन्मभर अमरावतीत दुकानांच्या पाट्या रंगवल्या. धम्मदीक्षेनंतर वलगावच्या या विहाराची भिंत मात्र त्यांनी स्वतः चित्रासाठी मागून घेतली.

मागे धम्मचक्र, पायाशी दोन हरणे, मधे उपदेश करणारे तथागत. मी म्हणालो, "दादा, तथागत आणखी मोठे काढा." ते म्हणाले, "नाई गुरुजी. मोठे केले तं लोक पायाशीच राहतीन. नजरेले नजर भिडली पाह्यजे."

आणि याच माणसाने खाली काय काढले? विहाराचे दार, पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या खाली, हात जोडून, आपली माणसे!

झाडायला आलेल्या भागामायने ते पाहिले.

"काहून रे सख्या, आपून अजून बाहेरच?"

"हात चुकला, माय."

"चुकला नाई. त्याले सवय हाय. आता खरवडतं, का मी मारू झाडू?"

देवळाच्या पायऱ्यांखाली उभे राहून ज्याचे बालपण गेले, त्याच्या हाताला दुसरी कोणती जागा ठाऊक असणार? दादांनी तो भाग खरवडला. नवा चुना दिला. माणसे आत घेतली, तथागतांच्या भोवती, एकाच जमिनीवर बसलेली. गेरूच्या रेषा झाल्या. रंग भरायचा राहिला. दादा गेले.

आता काहीजण म्हणतात, अर्धी भिंत बरी दिसत नाही. बुद्धपौर्णिमेआधी चुना फासा, राजापेठेतला पेंटर बोलवा, मोठे चित्र काढून घ्या.

कशासाठी? रंग नसला तरी ती माणसे आत आहेत! त्यांना पुन्हा पुसणार? माझ्यात भांडायची ताकद उरलेली नाही. तरी सांगतो, त्या भिंतीला चुना लागता कामा नये.

आणि एक पाहा. विहार रिकामा आहे, दार उघडे आहे, कोणी अडवलेले नाही. तरी सतरंज्या आपण अंगणातच टाकल्या.

श्रद्धांजलीचे मौन इथे अंगणात नको. उठा. भागामाय, तुम्ही पुढे व्हा. आत जाऊ, त्या भिंतीसमोर उभे राहू.

माझे बोलणे मी इथेच, बाहेर ठेवतो.