जामच्या स्टँडवरून परत

पुंडलिकराव : गुंजन, म्या ऐकलं. मयुरीले फोनवर सांगून राह्यली होती तू, 'पप्पांनी बॅक आउट केलं.' काय असते थे?

गुंजन : काही नाई. दुकानात जा तुमी, गिऱ्हाईक उभं आहे.

पुंडलिकराव : राहू दे उभं. शिवी हाये का?

गुंजन : शिवी नाई. शब्द देऊन ऐन वेळी अंग काढून घेतलं, की म्हणतात तसं. ऑफिसच्या पत्रात नाई लिहीत, मैत्रिणीजवळ बोलतात.

पुंडलिकराव : अन् थे मले? तीस वर्सं झाली जाम गावच्या चौकात कापडाचं दुकान लावून. पुंडलिक जबानीतून फिरला, असं एकानं म्हनून दाखवावं.

गुंजन : वासुदेवरावांनी प्लॉट देतो म्हटलं, अन् रजिस्ट्रीच्या दिवशी आलेच नाई. त्यांच्या घरचा चहा बंद केला तुमी. त्यांनी केलं ते बॅक आउट.

पुंडलिकराव : थो लबाड मानूस. त्याचं वेगळं.

गुंजन : काय वेगळं? हैदराबादच्या नोकरीले तुमीच हो म्हटलं. तिकीट तुमीच काढलं. रविवारी निघताना माझ्या हातावर दही तुमी ठेवलं. अन् बस लागल्यावर डिक्कीतून माझी बॅग काढली, घराकडे चालू लागले. मी सीटवर बसून होती, पप्पा. सारे पाहून राह्यले होते.

पुंडलिकराव : जमाना खराब हाये.

गुंजन : दोन दिवसांपासून हेच ऐकून राह्यली मी. काऊन उतरवलं, ते नाई सांगत. कंपनी गुरुवारपर्यंत थांबते, मग दुसरीले घेते. चार इंटरव्ह्यू देऊन लागली होती ही नोकरी. संताप येते मले तुमचा.



पुंडलिकराव : दही तुही माय देत होती. थे गेली, म्हून यंदा म्या देल्लं. तवापासूनच जीव थाऱ्यावर नोयता. वाटलं, संध्याकाळी दुकान बंद करून मी कोनाच्या घरी जाऊ?

गुंजन : मग असं बोलायचं ना, पप्पा.

पुंडलिकराव : मयुरीले सांग, पप्पाले भेव वाटलं. त्याले काय म्हनतात इंग्रजीत?

गुंजन : मराठीतच सांगते.

पुंडलिकराव : अन् उद्याच्या बसनं जाय. दुकानातला कैलास येईन स्टँडवर. मी नाई येत. मले माह्या हाताचा भरोसा नाई.